चौदावा कागद

८ ऑक्टोबर

ताई,

तीर्थरूप वगैरे लिहिलं असतं तर तू पाकीट तिथेच टाकलं असतंस, म्हणून नुसतं ताई. फोन तू उचलत नाहीस. भाऊजींना केला तर ते म्हणतात, "ती अंघोळीला गेलीय." तीन वर्षं तू अंघोळीला गेलेली आहेस.

काम आहे म्हणून लिहितेय. काम नसताना लिहिलं नाहीस हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

आईच्या चित्रांची फाईल तू नेलीस, ती मला हवी आहे. बावीस कागद आहेत, मागे पेन्सिलने नाही, पुढेच कोपऱ्यात क्रमांक घातलेत. कायमची नको. आठवडाभर दे. नीट उजेडात फोटो काढते आणि परत पाठवते. पाठवण्याचा खर्च माझा.

मी पदव्युत्तर चित्रकलेसाठी अर्ज करतेय. पाच कॉलेजांत. पुढच्या एप्रिलमध्ये मी तिशी ओलांडते आणि पाचही ठिकाणी अट तीसच्या आत अशी आहे. म्हणजे या वर्षी झालं तर झालं.

दातांच्या लॅबमध्येच आहे अजून. दिवसाला दातांवर बसवायच्या चौदा-पंधरा कॅपा रंगवते. डॉक्टरकडून प्लास्टरचा साचा येतो, सोबत चिठ्ठी असते, शेड कुठली ते सांगणारी. पांढराशुभ्र दात कुणाच्याच तोंडात नसतो. म्हणून नव्या दाताला मी जुनेपण देते. खाचेत तपकिरी रेघ, कडेला चहाचा डाग, मग भट्टी. मालक म्हणतात, "तुझा दात तोंडात हरवतो." माझ्या कामाला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी दाद हीच. सात वर्षं मी असं काम करतेय जे दिसलं तर चुकलं.

पाचही कॉलेजांना अर्जाचं शुल्क आहे आणि ते परत मिळत नाही. एका अर्जात माझा दहा दिवसांचा पगार जातो. ते बघायचे पैसे घेतात, ताई. बघून नको म्हणायचे.

वीस चित्रं हवीत, सलग एका विषयावरची. माझ्याकडे सलग असं दुसरं काही नाही. लॅबमधून आल्यावर कप, चपला, समोरची गच्ची असं सुटं सुटं काढलंय. सलग म्हणजे तीच. दोन महिने रोज बसून काढलेली. तू म्हणशील, बसून. हो, बसून.

"तुझी आई गेली नाही, तुझा विषय संपला," हे पुन्हा ऐकवू नकोस. मला ते पाठ आहे.

पत्ता खाली दिला आहे.

३० ऑक्टोबर

ताई,

उत्तर नाही. ठीक.

खरं सांगायचं तर फाईलवाचून माझं अडलेलं नाही. सगळ्या बावीस चित्रांचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, तेव्हाच काढलेले, बरे आहेत. फाईल मागितली की नाही म्हणायला तरी तुला लिहावं लागेल असं वाटलं होतं.

शिफारसपत्रं तीन लागतात. पहिलं मागायला कोळसा सरांकडे गेले. आमचे रेखाटनाचे सर, बोटं कायम काळी म्हणून हे नाव. आता निवृत्त झालेत आणि बोटं स्वच्छ आहेत, बघवत नाहीत. मला ओळखायला त्यांना चहा संपेपर्यंत वेळ लागला.

"पूर्वी पोरं चित्रं काढायची," ते म्हणाले. "आता अर्ज काढतात. तूच लिहून आण, मी सही करतो."

"मी माझंच कौतुक कसं लिहू सर?"

"दुसऱ्या कुणाला येणारे का? आणि ओघात माझ्याबद्दलही दोन ओळी येऊ देत."

दोन दिवस बसून लिहिलं. 'माझ्या पंचवीस वर्षांच्या अध्यापनात इतकी संवेदनशील रेषा मी क्वचितच पाहिली.' वाचताना त्यांनी चष्मा कपाळावर नेला. वाटलं, आता हसतील तरी, नाहीतर रागावतील. "पंचवीस नाही, सत्तावीस," म्हणाले, आणि सही केली. बाकीची दोन पत्रंही मीच लिहिली. तिघं माझी तीन वेगवेगळ्या स्वभावांत स्तुती करतात. तिसऱ्यात मी स्वतःला थोडी हट्टी म्हटलंय, खरं वाटावं म्हणून.

मग निवेदन. तुम्ही चित्र का काढता, पाचशे शब्द. ते तपासायला मी अर्जवालीकडे गेले, पैसे घेऊन मुलांचे अर्ज नीट करून देते ती. झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली आहे. दाराबाहेर चपलांचा खच, आत भिंतीवर प्रवेश मिळालेल्या मुलांचे फोटो. माझं निवेदन तिने उभ्याउभ्याच वाचलं.

"यात दुःख कुठंय?"

"चित्रांत आहे."

"चित्रं मागाहून बघतात, बाई. आधी हे वाचतात, तेही पाण्याची बाटली उघडता उघडता. आई होती, आजारी पडली, गेली, एवढंच लिहिलंयस. अशा सगळ्यांच्याच जातात."

"मग?"

"तू काय केलंस तिचं?"

"चित्रं काढली."

"आणि?"

मी भिंतीवरचे फोटो बघायला लागले.

"हे बघ," ती म्हणाली, "ते 'आणि' पाहिजे."

फॉर्ममध्येही एक रकाना आहे. 'आपल्यावर आलेल्या संकटाचे स्वरूप.' दाबलं की यादी खाली लोंबते: आर्थिक, कौटुंबिक, आरोग्यविषयक, इतर. एकच निवडा. मी कौटुंबिक निवडलं. मग वाटलं आरोग्यविषयक जास्त चालेल. ते निवडलं. हे मी जेवता जेवता करत होते.

फाईल ठेव तुझ्याकडेच.

२ डिसेंबर

ताई,

पाचही अर्ज गेले. चित्रांचं टेबल विकलं, ते झुकतं होतं ते. आता जमिनीवर काढते, म्हणजे काढत नाही.

तुला एक सांगायचं आहे आणि ते तू दुसऱ्या कुणाकडून ऐकावंस असं नको. ऐकवणारं कुणीच नाही हेही खरं. तरी सांगते.

मी 'आणि' लिहिलं.

हे असं आहे: 'दोन महिने दर दोन तासांनी मी तिला कुशीवर वळवलं. अंग पुसलं, लघवीचं भांडं दिलं, केस विंचरले. चित्रांत दिसणारे हात माझे आहेत. शुश्रूषा करता करता मी रेषा शिकले.'

बावीसपैकी सोळा चित्रांत तुझे हात आहेत. एक मानेखाली, एक कमरेखाली. उजव्या अंगठ्याशी भाजल्याचा डाग आहे, तो मी तेव्हा मन लावून काढला होता. फोटोंतून तो मी पुसला. सोळा वेळा. नव्या दातांवर डाग चढवायचे पैसे मिळतात मला, जुने काढायलाही हात बसलेलाच आहे.

वाक्यं चांगली उतरली. पाठवण्याआधी वाचली तेव्हा माझे डोळे भरून आले. मी ते वळवणं, पुसणं खरंच केल्यासारखं मला आठवायला लागलं. मग उठून दोनदा चूळ भरली, तरी तोंडाची चव जाईना. परत येऊन 'पाठवा' दाबलं.

अर्जवाली म्हणाली, "आता कसं!"

हे वाचून फोन करशील असं वाटत नाही.

११ फेब्रुवारी

ताई,

तिघांनी नको म्हटलं. तिघांचं पत्र शब्दाला शब्द सारखं, फक्त वरची मुद्रा वेगळी. 'अर्जांचा दर्जा असाधारण असल्याने.' चौथ्याने तेवढंही कळवलं नाही. पाचव्याने मुलाखतीला बोलावलं.

सहा तास बसने गेले. व्हरांड्यात आम्ही सातजण, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल. दवाखान्याबाहेर बसल्यासारखे एकमेकांना विचारत होतो, "तुझं काय?" एकाचा भाऊ बुडाला होता. एकीचं गाव धरणात गेलं होतं. एक मुलगी म्हणाली, "माझं काहीच नाही, मला झाडं आवडतात." सगळ्यांनी तिच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. मीसुद्धा. ती आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर आली.

आत तिघं. मध्ये अध्यक्ष, डावीकडे एक तरुण गृहस्थ जे सगळं टिपून घेत होते, उजवीकडे जाड चष्म्याची बाई. पडद्यावर चित्रं. चौदावं आलं तेव्हा अध्यक्ष खुर्चीतून उठले. त्यात तुझे हात नाहीत. नुसती आई, आणि तिचा आपल्याकडे पसरलेला हात. मी त्याला नाव दिलं होतं 'निरोप'.

"ही विनवणी आहे," ते म्हणाले. "ही रेघ बघा, थरथरतेय. हे शिकवून येत नाही."

तरुण गृहस्थांनी टिपून घेतलं.

मग चष्मेवाली म्हणाली, "सातवं पुन्हा लावा." लावलं. ती बराच वेळ बघत राहिली. "हे हात तुमचे?"

"हो."

"तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी बसून काढलंय हे. खुर्चीवरून, खिडकी डाव्या हाताला."

"हो."

"दोन्ही हात चित्रात आहेत. मग पेन्सिल कुठे होती?"

ताई, पाच कॉलेजं, तीन शिफारसपत्रं, अर्जवाली, मी. एवढ्यांतून हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मला तर पडायलाच हवा होता. जी बसलीय ती उचलत नाही आणि जी उचलते ती बसू शकत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसेल. मी डाग पुसले आणि खुर्ची ठेवली.

"नंतर काढलंय," मी म्हटलं. "आठवून. तिला उचलताना जे हाताला कळायचं ते मी नंतर लांबून बघितल्यासारखं काढायचे."

कुठून आलं कोण जाणे. तोंडातून सरळ आलं.

"स्पर्शाची स्मृती," अध्यक्ष म्हणाले. तरुण गृहस्थांनी तेही टिपून घेतलं. चष्मेवाली म्हणाली, "हं."

काल पत्र आलं. प्रवेश मिळाला. संपूर्ण शिष्यवृत्ती, राहणं-खाणं, दोन वर्षं. वर्षाला एकालाच देतात. कारण लिहिलंय, चौदावं चित्र.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "गेलीस म्हणजे! आता माझ्या दातांचं कोण बघणार?" आणि सगळ्या लॅबला चहा मागवला. प्लास्टर कालवणाऱ्या बाईंनी हात पुसून माझी पाठ थोपटली. मला ती थोपटणी अंगावरून झटकून टाकावीशी वाटत होती.

पण आता अट आहे. मूळ कागद पंधरा मार्चच्या आत जमा करायचे. प्रवेशाच्या दिवशी प्रदर्शन असतं. मूळ कागदांवर तुझ्या अंगठ्याचा डाग आहे. आधी मनात आलं की फाईल आली की खोडरबराने तो काढीन. हेही लिहून टाकते, म्हणजे नंतर नको.

ताई, या वेळी खरंच मागतेय. फाईल पाठव. नाही पाठवलीस तर मी तुला दोष देणार नाही, पण मी दोन वर्षं कुठेतरी बसून नुसती चित्रं काढू शकते हे मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कुणीतरी म्हटलंय. ते खोटं ऐकून म्हटलंय. पण रेघा खोट्या नव्हत्या. रेघा माझ्याच आहेत.

२६ फेब्रुवारी

ताई,

फाईल पोचली. चिठ्ठीही. 'बावीस आहेत. मोजून घे.'

मोजायला म्हणून कागद पलटत गेले आणि मागची बाजू वर आली.

मी आजवर ते कागद कधीच उलटून पाहिले नव्हते. चित्र झालं की खिडकीच्या कट्ट्यावर टाकायचे, दुसरा कागद घ्यायचे. तुला घरात दुसरा कागद मिळत नसणार. तुझं अक्षर, बॉलपेनने, दाबून, पुढून रेघांत उमटेल इतकं दाबून. पहिल्या कागदामागे: '६.१५ कूस डावी. ८.२० कूस उजवी. पाणी अर्धा पेला. लघवी झाली, रंग गडद. ९.०० गोळी. अर्धी थुंकली.' पाचव्यामागे: 'पेज चार चमचे. म्हणाली, गोड कर.' अकराव्यामागे एका कोपऱ्यात नुसतंच: 'मी झोपले. वीस मिनिटं.' जणू कुणी हजेरी घेणार होतं.

बावीस कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. म्हणजे तू माझी चित्रं नेली नव्हतीस. तुझी वही नेली होतीस.

तीन वर्षं मी लोकांना सांगत आले की माझ्या बहिणीने रागाच्या भरात माझं काम पळवलं.

मग चौदावा उलटला. 'दु. २.१० ते ३.०० मी नव्हते. चादर ओली. बदलली. पाठीवरची जखम चिघळली आहे.'

तू कधी विचारलं नाहीस. ती पन्नास मिनिटं काय झालं ते मी सांगते.

तू औषध आणायला निघालीस आणि दारातून म्हणालीस, "बघ गं तिच्याकडे." तू गेलीस आणि थोड्या वेळाने आईने हात पुढे केला. म्हणाली, "भांडं दे." मी म्हटलं, "एक मिनिट आई, हात तसाच ठेव." तिने ठेवला. ती मला कधी नाही म्हणायची नाही, तुला माहीत आहे. मी खांदा काढला, कोपर काढलं, मग मनगट. बोटं मी शेवटी काढते. ती पुन्हा म्हणाली, "भांडं." मी म्हटलं, "झालंच." हात थरथरायला लागला, तेही मला हवंच होतं, मी ते रेघेत घेतलं. अध्यक्ष ज्या रेघेसाठी उठून उभे राहिले ती हीच. मग तिने हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, झोपली. मी सावल्या भरत बसले.

वास आला होता. मी खिडकी उघडली.

तू आलीस. चादर पाहिलीस, कागद पाहिलास. मला म्हणालीस, "सरक जरा." मी खुर्ची सरकवली.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. मग चढलेल्या तापाचं कारण डॉक्टरांनी सांगितलं नाही. तूही नाही.

मी त्याला 'निरोप' म्हटलं, ताई. आई भांडं मागत होती.

आज सकाळी कॉलेजला लिहून कळवलं. हात माझे नाहीत, बहिणीचे आहेत. शुश्रूषा तिने केली, मागच्या बाजूला तिच्या नोंदी आहेत. चौदाव्या चित्राचं नाव खोटं आहे, आणि ते कसं काढलं ते लिहिलं, तुला लिहिलंय तसंच. खाली लिहिलं, शिष्यवृत्ती रद्द करावी.

लिहून झाल्यावर वाचलं. हेही चांगलं उतरलं होतं.

१० मार्च

ताई,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते, हाताला सिरॅमिकची पूड होती. तू म्हणालीस, "ती जखम आधीच चिघळली होती गं. मी लिहिलं त्या दिवशी, एवढंच." ते खरं आहे की तू नेहमीसारखं दुसऱ्याचं ओझं उचललंस, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. मग तू विचारलंस, "जायचं कधी मग तिकडे, की रद्द केलं त्यांनी?" आणि मी म्हटलं, "बघू."

बघण्यासारखं काही नव्हतं. कॉलेजचं उत्तर आधीच आलेलं होतं. तुला फोनवर सांगितलं नाही, आता सांगते.

मला वाटलं होतं हाकलतील. ताई, ते खूश झाले.

'आपल्या प्रामाणिकपणाने समिती भारावली आहे.' पुढे दोन पानं. एकाच कागदाच्या एका बाजूला पाहणं, दुसऱ्या बाजूला शुश्रूषा, हे म्हणे मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी सशक्त आहे. कागद दोन काचांमध्ये धरून टांगायचे, म्हणजे लोकांना भोवती फिरून दोन्ही बाजू बघता येतील. चौदाव्याला वेगळी खोली. 'चादर ओली' ही ओळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत. माझ्याकडून अपराधभावावर तीनशे शब्दांचं नवं निवेदन. शिष्यवृत्ती कायम, वर प्रदर्शनासाठी जादा रक्कम. नोंदी तुझ्या असल्याने तुझ्या सहीचा संमतीचा फॉर्म सोबत जोडलाय, 'केवळ औपचारिकता म्हणून'.

मी ते पत्र उभ्याने वाचलं.

काहीही दिलं तरी ते खातात. खोटं दिलं, खाल्लं. खरं दिलं, ते जास्त आवडीने खाल्लं. झाडं आवडणाऱ्या मुलीला मात्र पाच मिनिटांत बाहेर. आणि मी त्यांना शिव्या घालतेय म्हणून माझे हात काही धुतले जात नाहीत. पत्र वाचताना पहिला विचार काय आला ते सांगते. दोन काचा, खरंच चांगलं दिसेल. उजेड मागून द्यायचा, म्हणजे तुझं अक्षर माझ्या रेघांतून दिसेल. मी मनात टांगूनसुद्धा पाहिलं. मग मला कळलं की मी पुन्हा खुर्चीवर बसलेय.

चष्मेवाल्या बाईंचा वेगळा, एका ओळीचा मेल आला. 'पेन्सिलचं उत्तर मिळालं.' बाकी काही नाही. सगळ्या प्रकरणात मला लाज वाटली ती त्या एका ओळीची.

फॉर्म माझ्याकडे आठ दिवस होता. तुला पाठवला असता तर तू सही केली असतीस. "तुझं भलं होत असेल तर घे बाई," म्हणाली असतीस, आणि तीही तुझी एक नोंद झाली असती, कुणी न बघितलेली. म्हणून पाठवला नाही. फाडला. काल त्यांना कळवलं: हातांची सोळा चित्रं दाखवते, खाली तुझ्याबद्दल स्पष्ट लिहून. मागची बाजू भिंतीला. चौदावा नाही. नवं निवेदन नाही.

अध्यक्षांचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

"बाई, शिष्यवृत्ती चौदाव्यासाठी होती. तो काढलात तर उरतं काय? चांगली रेखाटनं. ती तर सगळेच आणतात."

"हो."

"एकदा बहिणीशी तरी बोला. त्या नाही म्हणणार नाहीत."

"म्हणूनच बोलले नाही."

"हट्टी आहात."

"तसं शिफारसपत्रात आहे," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

१६ मार्च

ताई,

मुदत काल संपली. शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या मुलाला गेली, ज्याचा भाऊ बुडाला त्याला. माझी जागा आहे म्हणतात, पैसे भरून. दोन वर्षांचे पैसे म्हणजे माझा दहा वर्षांचा पगार, म्हणजे जागा नाही. एप्रिलमध्ये वय संपतं. हा विषय इथे मिटला. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तू "जायचं कधी" असं विचारलं होतंस, त्याचं उत्तर म्हणून लिहितेय. जायचं नाही.

मला बरं वाटतंय असं समजू नकोस. चांगलं काम केल्यावर वाटतं तसं काहीच वाटत नाही. मुलाचं नाव यादीत पाहिलं आणि त्याची चित्रं शोधून काढली आणि ती वाईट आहेत म्हणून मला आनंद झाला. अशी आहे मी. काल मालकांना सांगितलं, राहतेय. ते म्हणाले, "बरं झालं," आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "वाईट झालं गं." समोरच्या ट्रेमध्ये एका म्हातारबाईंचे सहा दात होते. ते केले.

एकवीस कागद या पार्सलमध्ये आहेत. वही तुझी आहे. पुढच्या बाजूचं काय करायचं ते तू ठरव, मला विचारू नकोस. अंगठ्याचा डाग कुठेही पुसलेला नाही, तपासून पाहा. चौदावा मी ठेवून घेतलाय. तो तुझ्याकडे असायचं कारण नाही. मागे काय आहे ते पाठ झालंय, तरी अधूनमधून उलटून बघते.

फोनवर तू सहज म्हणालीस की उजवा खांदा वर जात नाही. मी विचारलं कधीपासून, तर हसलीस. "डॉक्टर म्हणाला, कधी वजन उचललं होतं का? म्हटलं, आई उचलली होती." मी हसले नाही हे तुला फोनवर दिसलं नसेल. दिवसातून तीनदा शेक सांगितलाय आणि भाऊजी पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी असतात आणि तुझा हात पाठीमागे पोचत नाही, हेही तू त्याच सुरात सांगितलंस, जसं कुणा शेजारणीचं सांगावं.

मालकांकडे आठ दिवसांची रजा मागितली, दिली. रविवारी सकाळच्या बसने येतेय. तू ये म्हणाली नाहीस, मला माहीत आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, मग शेजारणी विचारतील, आणि तुला ते आवडायचं नाही. तेव्हा उघड.

शेकाची पिशवी आहे का तुझ्याकडे, की येताना घेऊ? आणि पाणी किती गरम सोसतं? एवढं कळव.